कादंबरीचा तिसरा भाग

लातूरला आम्हाला नावं नव्हती. शिकवणीच्या पोरांनी भरलेल्या त्या गल्लीत प्रत्येक आई आपल्या गावावरून ओळखली जायची. मी किनवटवाली. शेजारच्या खोलीत अहमदपूरवाली, समोरच्या खोलीत देगलूरवाली. तिघींचे नवरे गावाकडे, तिघींचं एकेक लेकरू डॉक्टरकीच्या परीक्षेला बसवलेलं, आणि तिघी त्या लेकरांच्या पहाऱ्याला. पहारा हा शब्द मी आज वापरते. तेव्हा मी त्याला माया म्हणायचे.

खोली दहा बाय बारा. त्यात माझी मुलगी, तिची पुस्तकं, गॅसची शेगडी आणि मी. टीव्ही नाही, मोबाइलचं नेट बंद. कुकरच्या शिट्टीनं अभ्यास मोडतो म्हणून वरण मी ती क्लासला गेल्यावर लावायचे. ती परत आली की मी स्टूल घेऊन दाराबाहेर गॅलरीत बसायचे, कारण आत माझ्या बांगड्यांचासुद्धा आवाज होतो, असं मीच ठरवलं होतं. जिन्याच्या तोंडाशी घरमालकानं लोखंडी जाळीचं दार बसवलेलं, त्याची किल्ली खाली त्याच्याकडे. किनवटला आमच्या मागच्या दारात उभं राहिलं की पार टेकडीपर्यंत सागच साग दिसतो. इथं सकाळी डोळे उघडून काय बघायचं, तर समोरच्या भिंतीवरचा ड्रेनेजचा पाइप! जीव नुसता गुदमरायचा. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, असं जो तो सांगायचा. सांगणाऱ्यांना दोन दिवस त्या स्टुलावर बसवायला पाहिजे होतं.

मुलगी तशी अबोल. दिवाळीची सुट्टी संपवून आलो तेव्हा एकदा म्हणाली, "आई, मला हे जमणार नाही. आपण घरी जाऊ." मी म्हणाले, "अशक्तपणा आलाय तुला," आणि त्या दिवसापासून खारीक-बदामाचं दूध सुरू केलं. पुढे बरेच दिवस ती तसं काही बोलली नाही, म्हणून मी दुधाचा गुण आला असं धरून चालले.

कादंबरी अहमदपूरवालीनं आणली. पोराच्या जुन्या नोट्स रद्दीत घालायला गेली आणि ढिगातून ही उचलून आली. जाडजूड, मुखपृष्ठ गायब, लिहिणाऱ्याचं नाव गायब, शिवण उसवलेली. आता तिघींनाही आधी आपल्यालाच पाहिजे. "मी आणली, मीच आधी वाचणार," ती म्हणाली. "तुमचं वाचून होईस्तोवर माझा पोरगा डॉक्टर होऊन जाईल," देगलूरवाली म्हणाली. ती गावाकडे ब्लाउज शिवायची, हाताला लई धीट. तिनं सरळ भाजीची सुरी घेतली, पुस्तकाचे तीन तुकडे केले, दाभणानं गोधडीच्या दोऱ्यात शिवले आणि वर जुन्या कॅलेंडरचे कागद चढवले. मग चिठ्ठ्या टाकल्या. मला पहिला भाग आला, अहमदपूरवालीला दुसरा, देगलूरवालीला तिसरा. पुस्तकाचे असे हाल पाहून एखादा शहाणा माणूस कपाळाला हात लावेल. लावू दे बापडा. त्या वर्षी आम्हाला मोकळी हवा मिळाली ती तेवढ्यातूनच.

रोज चार वाजता, पोरं आत अभ्यासाला बसली की आम्ही तिघी जाळीपाशी जमायचो आणि कालपासून काय वाचलं ते एकमेकींना सांगायचो. हळू बोलायचं असं ठरलेलं. पण माझा आवाज मुळातच हळू नाही.

गोष्ट एका मोठ्या घरातल्या थोरल्या सुनेची. तिला कुणी मारत नाही, कुणी उपाशी ठेवत नाही, सगळे जीव लावतात. आणि तिला त्या घरात राहायचं नसतं. बस, एवढंच. एक जण सुरुवात वाचतेय, एक मधलं, एक शेवट, त्यामुळे आमची भांडणं मोठी मजेदार व्हायची.

"सुखात हाय की ती," अहमदपूरवाली म्हणायची. "आयतं ताट समोर येऊन राहिलं. हिला टोचतंय तरी काय?"

"माझ्या भागात तर ती बोलतच न्हाई कुणाशी," देगलूरवाली म्हणायची. "नुसती खिडकीत उभी. मला तर लई वाईट वाटतंय बगा."

मी भडकायचे. "अहो, पण तोंड उघडायला काय झालं? मला इथं राहायचं नाही, एवढं सांगायचं. नुसती मूग गिळून बसलीय! अशा मुक्या बायांची मला भयंकर चीड येते. आपण सांगायचं नाही आणि दुसऱ्यांनी ओळखायचं म्हणे!"

हे मी एकदा नाही, रोज म्हणायचे. माझ्या पाठीमागे माझं दार, आणि दारामागे माझी मुलगी.

आपापला भाग संपला की अदलाबदल. माझा पहिला झाला, मग अहमदपूरवालीशी बदलून दुसरा झाला, आणि माझा जीव देगलूरवालीकडच्या तिसऱ्यासाठी नुसता वरखाली. तर देगलूरवाली म्हणते, तिसरा भाग तिनं परवाच माझ्या स्टुलावर ठेवला, मी पाणी भरायला गेले होते तेव्हा. मी म्हटलं, ठेवला असता तर मला दिसला नसता का? ती म्हणाली, शपथ घेऊन सांगते. माझं डोकं फिरलं. "वस्तू हातात द्यायची रीत नाही का तुमच्याकडे?" मी म्हणाले. "की शेवट एकटीनंच ठेवून घ्यायचाय?"

"असं बोलू नका हो ताई," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि ती आत निघून गेली.

आठ दिवस आमचं बोलणं बंद. अहमदपूरवालीही दोघींच्या मध्ये नको म्हणून आपल्या खोलीतच बसायला लागली. चारला मी स्टुलावर एकटी, समोर तो पाइप. त्या आठ दिवसांत मला कळलं, की कादंबरीपेक्षा ती सांगायला मिळत होती यावरच मी जगत होते.

रविवारी मुलगी सराव परीक्षेला गेली. मी अभ्रे धुवायला काढले, तर तिच्या उशीतून कॅलेंडरचा कागद बाहेर आला. तिसरा भाग! पानापानावर पेन्सिलीच्या रेघा. हिच्यासाठी मी इथं सडतेय आणि ही उशीत कादंबऱ्या दडवतेय! आणि त्या बिचारीला मी नाही नाही ते बोलले.

दुपारी मुलगी आली. एवढ्या संतापातही सवयीनं दूध गरम करून ठेवलेलं. एका हातात पेला आणि दुसऱ्या हातात पुस्तक घेऊन मी तिच्यासमोर उभी राहिले.

"हे काय आहे? त्या बाईला मी चोर ठरवलं! अभ्यास सोडून हे धंदे करून राहिलीस तू?"

ती कॉटवर बसली. रडली नाही. म्हणाली, "कादंबरी मला कशी वाटली ते सांगू? तुम्ही तिघी रोज सांगता. मला कुणी विचारलंच नाही."

मी पुस्तक तिच्या शेजारी कॉटवर ठेवलं.

"तिन्ही भाग वाचलेत मी. तू अंघोळीला गेलीस की वाचायचे. तू म्हणतेस ना, तिनं तोंड उघडायला पाहिजे होतं? ती सांगते, आई. चारदा सांगते. त्यातलं दोनदा तर तुझ्या पहिल्या भागातच आहे. ती म्हणते, मला इथं राहायचं नाही, आणि दर वेळी कुणीतरी म्हणतं, आधी दोन घास खाऊन घे. मग ताट येतं. सगळे मायेनं वाढतात, आणि तिचं बोलणं तिथंच राहतं. म्हणून ती शेवटी बोलायची बंद होते."

पेला माझ्या हातात होता. दुधावर साय धरायला लागली होती.

दिवाळीनंतरचं मला लगेच आठवलं. संक्रांतीला ती पुन्हा तेच म्हणाली होती आणि मी तिळाचे लाडू पुढे केले होते. एकदा पोटात दुखतं म्हणून रडली, तेव्हा मी धपाटे करून दिले, तिला आवडतात म्हणून. त्या सुनेसारखं चौथ्यांदाही ती म्हणालीच असेल; कधी ते मला आजही आठवत नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

"तू बाहेर स्टुलावर बसतेस ना," ती म्हणाली, "मला वाटतं माझा श्वाससुद्धा तुला ऐकू जातो."

मी पेला खाली ठेवला आणि फरशीवर बसले. "सांग," म्हणाले. ती तासभर बोलली. तिला डॉक्टर व्हायचं नव्हतं. नांदेडला साध्या कॉलेजात जाऊन झाडांचं शिकायचं होतं, दर शनिवारी रेल्वेनं घरी यायचं होतं. एवढंच मागणं होतं तिचं, आणि माझ्या बाजूनं मी तिच्यासाठी जन्म ओवाळून टाकत होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी मी तिसरा भाग घेऊन देगलूरवालीकडे गेले. "माझं चुकलं ताई. माझ्याच घरात होता." कुणी नेला होता आणि का, तेही सांगितलं. तिला राग यायला हवा होता. पण ती मान वळवून आपल्या खोलीच्या बंद दाराकडे बघत राहिली; आत तिचा पोरगा अभ्यासाला बसला होता.

मग मी गॅलरीत उभं राहून नवऱ्याला फोन लावला. "आम्ही घरी येऊन राहिलोत," मी म्हणाले. "तिला इथं राहायचं नाही."

माणूस वाईट नाही तो, पोरीवर त्याचा फार जीव आहे. काळजीच्या आवाजात म्हणाला, "जेवली का ती? आधी तिला काहीतरी खाऊ घाल, मग बघू."

"ते राहू द्या," मी म्हणाले. "आधी ऐका."