टपरीवरची मॅच

इकडं ये, अशी जवळ बस. किती वाळलीस गं, अन् येतेस तीही घाईत! ऐक.

परवा गंगापूरची जीप भरायची वाट बघत मी एका टपरीवर चहा मागितला. टपरीवाली माझ्याच वयाची, नजर छोट्या टीव्हीवर. भारताच्या पोरी आशिया कपात फुटबॉल खेळत होत्या. "मॅच संपल्यावर मिळंल चहा," म्हणाली, अन् गॅसच बंद केला!

जीपवाले ड्रायव्हर कुरकुरले. एक म्हणाला, "मावशी, किती गोल खाल्ले तुमच्या पोरींनी! क्रिकेट लावा, नायतर पलीकडच्या टपरीवर जातो."

"जा की! तुमचे हरायला लागले तरी शेवटच्या बॉलपर्यंत बघता. मग माझ्या पोरींचाच टीव्ही बंद करू व्हय?"

सगळे खरंच बाकावरून उठून गेले. रोजचं गिऱ्हाईक, पण तिनं मान वळवली नाही. रिमोट तेवढा कमरेला खोचला. मला म्हणाली, "आपल्या तरुणपणी या टीमच्या बाया आशियात दुसऱ्या आल्या होत्या, बाई. तवा कुणी दाखवलं नाय. आता दाखवत्यात, तर मी उठू व्हय?"

माझी जीप भरली, सुटली. मी हललेच नाही. पोरी हरल्या. त्या मैदानाबाहेर जाईपर्यंत ही उभ्यानं टाळ्या वाजवत होती, मग गॅस पेटवला.

तिचं नाव विचारायचं राहिलं बघ. पण पुढच्या मॅचला लवकर ये गं. तिथला रिकामा बाक आपण दोघी भरू.