पेवात सोडलेला कंदील

आमचे हे सांगलीत नगरपालिकेच्या बंबावर मुख्य होते. मुख्य म्हणजे काय, हाताखाली सहा माणसं आणि बैलगाडीवर बसवलेला एक हातपंप. पलटणीतून सुटून आले ते लढाई संपायच्या आधीच इथं लागले. लोकांना वाटतं बंबवाला म्हणजे आगच विझवतो. आग निम्मीच हो. विहिरीत पडलेली म्हैस काढा, पुरात झाडावर अडकलेला माणूस उतरवा, पडक्या भिंतीखालचं मढं उकरा, सगळं ह्यांच्याच गळ्यात.

पण मला सांगायचंय ते पेवाचं. आमचं घर हरिपूरच्या रस्त्याला. त्या बाजूला हळद जमिनीत ठेवतात. तीन-चार पुरुष खोल खड्डा, वर माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड, तेही मातीनं लिंपून बंद. वर्षभर बंद राहिलं की आतली हवा मरते आणि तळाशी साचून राहते. म्हणून आधी तोंड उघडून ठेवायचं, मग दोरीनं कंदील पार तळापर्यंत सोडायचा. जळत राहिला तर माणसानं उतरायचं, विझला तर थांबायचं.

माझा धाकटा भाऊ तिथं हमाल होता. त्या सकाळी माझ्याकडून भाकरी बांधून घेताना ह्यांना म्हणाला, "दाजी, तुमचा बंब लय सावकाश. आग इझल्यावर राख भिजवाया जाताय व्हय?"

"तू पेटलास तर पळत यीन," हे म्हणाले. दोघांचं असंच चालायचं.

दुपारी एक हमाल धापा टाकत दारात आला. कंदील सोडला होता, तो जळतही होता, पण दोरी हातभर तोकडी. कंदील तळाच्या वरच लोंबकळला. जळतोय म्हणून भाऊ उतरला, आणि पाय टेकताच वाकून आडवा झाला.

हे माणसं घेऊन धावले, मागोमाग मी. पेवापाशी दोन हमाल उतरायच्या तयारीत होते. ह्यांनी त्यांना मागं ढकललं आणि तोंडावर पाय फाकून उभे राहिले.

"कुणी उतरायचं न्हाई."

"आवं, तुमचा मेहुणा हाय त्यो."

"म्हाईत हाय. मागं सर."

खालून घोरल्यासारखा आवाज येत होता. भाऊ लहानपणी माझ्याशेजारी असाच घोरायचा.

ह्यांनी लांब दोरीचा कंदील सोडला. विझला. ओली घोंगडी दोराला बांधून खालीवर, खालीवर हलवायला लावली, म्हणजे हवा ढवळते. मधेच विहिरीचा गळ टाकून भावाचं धोतर अडकतंय का पाहिलं. फाटून आलं. मी म्हटलं, "तुमी तरी उतरा की. दोर बांधून उतरा."

"उतरलो तर दोन मढी काढावी लागतील," हे म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही.

दुसऱ्यांदा कंदील सोडला. तोही विझला. पुन्हा घोंगडी. आणि त्या वेळीच तो आवाज थांबला. ह्यांनीही तो ऐकला असणार, कारण आवाज थांबला तसा त्यांचा हात दोरावर थांबला. मग हात पुन्हा चालू झाला.

तिसऱ्यांदा कंदील जळत राहिला. हे स्वतः उतरले. भावाला वर ओढला तेव्हा सगळ्या अंगाला हळद, लग्नातल्या नवऱ्यासारखी. जीव नव्हता.

गावात बायका म्हणायच्या, "परक्याच्या म्हशीसाठी हिरीत उतरतोय, आन मेव्हण्यासाठी उभा ऱ्हायला." मला ऐकू जाईल असंच म्हणायच्या. मलाही तेच वाटत होतं. ते दोन हमाल कधी दिसले की नमस्कार करायचे, दोघंही जिवंत, लेकराबाळांचे. तरी माझ्या तोंडून ह्यांच्यासाठी शब्द फुटेना. ताट वाढायची, सरकवायची, आत जायची. त्यांनीही कधी स्वतःची बाजू मांडली नाही. वर्ष गेलं असं.

पुढच्या खेपेला पेवं उघडायच्या दिवसांत हे अंगणात बसून सुंभाच्या दोऱ्या वळत होते. दर पेवाला कंदील आणि त्याची वेगळी दोरी, असं त्यांनी मालकांकडून कबूल करून घेतलं होतं. एक दोरी हातानं मापून गाठ मारायला लागले. मी चुलीपासून उठले, दुसरं टोक धरलं आणि म्हटलं, "आजून दोन हात घ्या."

त्यांनी मान वर केली नाही. दोन हात घेतले, मग गाठ मारली.

त्या आवाजाबद्दल आम्ही जन्मात कधी बोललो नाही. दोऱ्या मात्र दर वर्षी मी मापल्या.