मरीमायच्या दाराचा पत्रा

देवीने माझ्यावर कृपा केली की माझी चूक पोटात घातली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्हींत फरक काय, असं कोणी विचारलं तर तेही सांगता येणार नाही. डोक्यातला गोंधळ तसाच आहे. तरी जे घडलं ते जसं घडलं तसं लिहितो.

आमचं शेत जळगाव जामोदच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिकडच्या वाटेला रस्ता म्हणायचं ते केवळ म्हणायला. मध्ये एक नाला आहे आणि त्यात दगडगोट्यांचा खच. त्या नाल्यात माझ्या जीपचा चेंबर एकदा फुटला होता. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं ते भांडं. सगळं ऑइल वाळूत गेलं, जीप बैलांनी ओढून आणावी लागली आणि गावभर हसं झालं. तेव्हाच ठरवलं, खालून जाड पत्रा बसवून घ्यायचा. त्याच सुमारास आमच्या गावच्या मरीमायच्या देवळाला नवं दार लागलं. जुनं लोखंडी दार मागे पडून होतं. पंचांना विचारून मी त्याचा एक तुकडा नेला, वेल्डिंगवाल्याकडून जीपच्या पोटाखाली लावून घेतला आणि घरी येऊन मायला मोठ्या हौसेने सांगितलं, "माय, देवीच्या दाराचाच पत्रा लावला. आता कायची चिंता नाई."

वाटलं होतं, खूश होईल. तिचा चेहराच उतरला. "ज्या दाराले म्या जलमभर डोकं टेकवलं, त्याच्यावर पाय ठेवून बसू काय रे?" एवढंच बोलली आणि त्या दिवसापासून शेतात पायी जाऊ लागली. पत्रा इंजिनाखाली आहे, तुझ्या पायांखाली नाही, हेही सांगून पाहिलं. गाडी तर एकच ना, म्हणाली. मी आधी चिडलो, मग चपापलो. देवीचा अपमान करायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं. पण मनात नव्हतं म्हणून पाप लागत नाही का, हे कोणाला विचारायचं? पत्रा काढावा तर चेंबर फुटणार, ठेवावा तर माय दुखावणार. मी रोज उद्यावर ढकलत राहिलो.

कापूस वेचणीच्या दिवसांत, भर दुपारी, मायच्या पायाला साप चावला. मी बांधावरून धावत गेलो, तिला उचलून जीपपाशी आणलं, तर तिने दाराची दांडी घट्ट धरली आणि आत बसेना. "हे तिचंच कोपणं हाय, बाबू. आता तिच्यावरच पाय देऊ? मले इथंच राहू दे." मी हात जोडले, ओरडलो, रडलो. जबरदस्तीने बसवायला गेलो तर ती अंग झटकू लागली, आणि झटापटीत विष लवकर चढेल या भीतीने माझ्याच्याने जोर करवेना. पाय डोळ्यांदेखत सुजत होता. माझ्या हौसेपायी माय जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात डोंगराकडून एक बाई उतरली, डोक्यावर गवताचा भारा. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. काय झालं म्हणून तिने विचारलं आणि मी सापाचं, पत्र्याचं, सगळं एकदमच बोलून गेलो. तिने भारा टाकला, जीपच्या तोंडाशी वाकून हात खाली घातला, पत्र्याला लावला आणि आपल्या कपाळाला लावला. मग तोच धुळीचा हात मायच्या कपाळाला लावून जवळजवळ रागावलीच, "देवळाची पायरी चढत नाईस काय व? तिले हात लावतेस अन् मंग पाय ठेवतेसच ना? चाल, बस. मले बी खाली जाचं हाय."

मायने दांडी सोडली.

नाल्यात मी घाईत होतो. गाडी नको त्या दगडावर चढली आणि खालून असा दणका बसला की माझे दात वाजले. ऑइलचा लाल दिवा लागतो का, इकडे माझा डोळा. लागला नाही. डांबरी सडकेवर ती बाई उतरली आणि आम्ही दवाखाना गाठला. आणखी उशीर परवडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. माय वाचली. त्या बाईची मी पुढे खूप चौकशी केली, कोणालाच ती माहीत नव्हती. तिचा भाराही दुसऱ्या दिवशी तिथे नव्हता. तिने नेला असेल, किंवा गुरांनी खाल्ला असेल.

माय घरी आल्यावर मी पोतं अंथरून जीपखाली शिरलो. पत्रा ताटासारखा खोलगट झाला होता, चेंबरला टेकता टेकता राहिलेला. कोणताही जाड पत्रा असाच दबला असता, हे मला कळतं. आणि साप कोणी पाठवला, बाई कोणी पाठवली, हे कळत नाही. देवळात मी देवीपुढे कधी आडवा पडलो नव्हतो, लोक बघतात म्हणून लाज वाटायची. इथे उताणा पडलो होतो, आणि पत्रा माझ्या वर होता. एकाएकी वाटलं, हा हिशोब लावायचं काम माझं नाहीच. तो तिच्यावर सोडावा. फार हलकं वाटलं, आणि डोळे भरून आले.

"काय करून राह्यला रे खाली?" बाहेरून मायने विचारलं.

"काई नाई, माय. हात जोडून राह्यलो."

ती जीपच्या अगदी जवळ आली. मग म्हणाली, "मंग माह्या बी नावानं जोड."