सोपा बेत

धाकटीला आयुष्यात कुणाचा हेवा वाटलाच नव्हता असं नाही. अक्काच्या लांबसडक केसांचा वाटला होता, कचेरीतल्या खिडकीजवळच्या टेबलाचाही वाटला होता. पण तो आला तसा गेला. चिमणीचा हेवा मात्र पथारी घेऊन मुक्कामालाच आला.

चिमणी म्हणजे मावशीची लेक. वयानं बरीच लहान, जिभेला हाड नाही आणि कुठंही गेली तरी पाच मिनिटांत सगळ्यांची लाडकी. धाकटीचं तसं नव्हतं. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत संगणकाचं काम बघायची, मोजकं बोलायची आणि घरी आली की 'बेत' उघडून बसायची.

'बेत' हा संगणकाचा प्रोग्रॅम तिनं एकटीनं लिहिला होता. अक्काचं शिवणकामाचं दुकान होतं. कापड बेतताना अक्का खडूनं मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात त्या जागेची, वळणदार रेघ एका झोकात ओढायची, ती बघता बघता धाकटीला ध्यास लागला की ही रेघ गणितात बसवायची. कित्येक वर्षं खपून तिनं ती बसवली. मापं भरली की गळा, मुंढा, बाही असा सगळा नमुना पडद्यावर हजर. मग तिनं तो ओपन सोर्स करून टाकला, म्हणजे आतलं सगळं लिखाण उघडं. कुणीही घ्यावं, बदलावं, पुढं वाटावं.

लोकांनी घेतला. आणि घेतला तशा तक्रारीही आल्या. बटणं बारीक आहेत. छपाई कुठून करायची ते सापडत नाही. मापं भरताना एक चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून का? धाकटीचं उत्तर ठरलेलं असे, 'सगळं लिखाण उघडं आहे. हवं ते करून घ्या.'

"अगं, शिंप्यांना काय येतंय त्यातलं?" अक्का म्हणायची.

"मग त्यांनी वापरू नये. मी माझ्यासाठी लिहिलाय. ज्याला लिहिता येतं त्याच्यासाठी आहे हे. बाकीचे पाहुणे. पाहुण्यांनी स्वयंपाकघरात शिरून फोडणीत खोड काढायची नसते."

चिमणी काही दिवस तिच्या हाताखाली शिकली. मोठी बटणं करूया म्हणून मागं लागली. धाकटीनं दाद दिली नाही. तेव्हा चिमणीनं सरळ 'बेत'ची एक प्रत घेतली, ती धुऊनपुसून नटवली आणि नाव ठेवलं 'सोपा बेत'.

बघता बघता सगळे तिकडे गेले. धाकटी रोज चिमणीच्या चर्चागटात गुपचूप डोकावायची. 'चिमणीताई, तुमच्यामुळे माझं दुकान वाचलं.' 'चिमणीताई, देवासारख्या भेटलात.' वाचून अंगाचा तिळपापड व्हायचा, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायची. दुखऱ्या दातावर जीभ जातेच. आयत्या बिळावरचा नागोबा, ती मनात म्हणायची. रेघ माझी, रांगोळी हिची!

कळस झाला तो अक्काच्या दुकानात. एका संध्याकाळी कचेरीतून येताना ती आत शिरली, तर अक्काच्या पडद्यावर ती मोठमोठी, गोल गोल बटणं.

"तूसुद्धा?"

"चष्मा न लावता दिसतं गं," अक्का ओशाळून म्हणाली.

घरी जाऊन धाकटीनं 'सोपा बेत'चं लिखाण उघडलं. खोट काढायलाच उघडलं होतं, आणि खोट सापडली. बाहीच्या माथ्याचं वळण चिमणीनं सोपं करून टाकलं होतं. मध्यम अंगाला ते चालून जाई. पण छाती भरदार असली की बाहीचा माथा मुंढ्याला अपुरा पडणार. धाकटी त्याच खड्ड्यात एकदा पडून वर आलेली, म्हणून तिला तो लगेच दिसला. कळवायला दोन ओळी पुरल्या असत्या. तिनं संगणक मिटला. बऱ्याच दिवसांनी तिला जेवण गोड लागलं.

पुढच्या महिन्यात ती दुकानात बसलेली असताना एक मुख्याध्यापिका आल्या. अंगानं चांगल्या धिप्पाड. निवृत्तीच्या समारंभासाठी त्यांनी निळ्या मखमलीचा कोट शिवायला टाकला होता. शाळेची मुलं गाणार होती आणि बाई शेवटच्या वेळी हात उंचावून त्यांना ताल देणार होत्या. अक्कानं 'सोपा बेत'वर बेतलेला तो कोट त्यांना घालून बघितला. बाईंनी आरशासमोर हात वर केला, आणि सबंध कोट वर ओढला गेला. बगलेत शिवण करकरली. अक्कानं ओढून बघितलं, टाचण्या लावून बघितल्या. काही उपयोग होईना.

बाई हसल्या. तोंडभर, सवयीचं हसल्या. "राहू द्या हो. माझं अंगच मेलं असं आडमाप. दुकानातला कपडा कधी झाला नाही, म्हटलं शिवलेला तरी होईल. तुमचा काय दोष?"

धाकटी पुढं झाली. "बाई, दोष तुमच्या अंगाचा नाही. नमुन्यातच चूक आहे."

अक्का वळली. "तुला कसं माहीत?"

"मी बघितली होती. गेल्या महिन्यात."

अक्कानं बाईंच्या खांद्यावरून कोट हळूच उतरवला, टेबलावर पसरला आणि त्या निघून गेल्यावर म्हणाली, "चिमणीचं काय वाटोळं व्हायचं ते होऊ दे, पण ही बाई तुझं काय देणं लागत होती गं?"

त्याच टेबलापाशी बसून धाकटीनं माथ्याचं वळण दुरुस्त केलं आणि चिमणीला पाठवलं. नवा नमुना निघाला. उरलेल्या मखमलीत दोन्ही बाह्या कशाबशा बसल्या. आत एक जोड द्यावा लागला, पण तो बगलेत लपला.

चिमणीचा फोन लगेच आला. "ताई, वाचवलंस! पण तू माझं लिखाण वाचतेस? मला वाटलं, तू माझ्याशी बोलणंच टाकलंस."

"टाकलंच होतं."

"एक विचारू? 'बेत' तू कुणासाठी लिहिलास?"

"माझ्यासाठी."

"मग तो तर तुझ्याकडं आहेच की. मी प्रत नेली, तुझं काय गेलं?"

रेघ जागच्या जागी होती, एक टिंबही हललं नव्हतं. गेले होते ते पाहुणे, ज्यांना धाकटीनं कधी या बसा म्हटलं नव्हतं.

"लोक गेले," ती शेवटी म्हणाली, आणि फोन ठेवला.

चिमणीनं गटात धाकटीचं नाव घेऊन आभार मानले. खाली कुणीतरी विचारलं, 'या कोण?' ते वाचून तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

कोट चांगला झाला. बाईंनी मनसोक्त ताल धरला, असं अक्काकडून कळलं. धाकटी अजून 'बेत' एकटीच सांभाळते. त्यात आता छपाईचं एक ठसठशीत बटण आहे आणि ते कुणी मागितलं होतं हे ती सांगत नाही. 'सोपा बेत' ती रोज वाचते. चूक दिसली की त्याच दिवशी कळवते, खाली नाव घालून. कौतुक मात्र एका शब्दानं करत नाही. कुणी चिमणीताई, चिमणीताई करायला लागलं की उठून पाणी प्यायला जाते.