फोटोतून कापलेला कोपरा

आजवर ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. मेघनासमोरही नाही, आणि ती माझी बायको आहे, पंधरा वर्षं एका घरात राहतो आम्ही. तुमच्याजवळ का बोलतोय, तेही नीट सांगता येणार नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत मला सगळे ओळखतात. ‘ते कचरा न करणारे.’ तीन वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं — मी, मेघना आणि आमची अन्वी, तेव्हा आठ वर्षांची — की घरात प्लॅस्टिक आणायचं नाही, ओल्या कचऱ्याचं खत बाल्कनीतच करायचं आणि घंटागाडीला काही द्यायचंच नाही. मेघनाने मनापासून केलं. कापडी पिशव्या शिवल्या. रबरबँडसुद्धा नकोत म्हणून एक जुनी साडी फाडून तिच्या चिंध्या केल्या, पुड्या-पिशव्या बांधायला. जांभळी साडी होती, पिवळ्या ठिपक्यांची. आमच्या साखरपुड्यानंतर माझ्या आईने दिलेली.

दूधसुद्धा पिशवीचं नको. मी कोनच्या पुढे एका गोदामात कामाला आहे. येताना कोन गावातून बेबीमावशींकडून किटलीत दूध आणायचो. त्यांचं शेत रस्त्यात गेलं, नवरा गेला, मुलगी लग्न होऊन उरणला. त्यांच्याकडे उरली होती एक गाय — चांदी. पांढरी, शांत. अन्वी दर रविवारी तिला भेटायला हट्ट करायची. चांदी तिचा हात चाटायची, की ही किंचाळून हसायची.

आता मूळ गोष्टीकडे यायला हवं. मी टाळतोय, कळतंय मला.

बाल्कनीतल्या खताच्या ड्रमात अळ्या झाल्या. मेघना तेव्हा बाळंतपणासाठी आलेल्या तिच्या बहिणीत गुंतलेली; ड्रम माझ्याकडे होता. वास सुटला, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तक्रार केली. मी ड्रम बंद केला, वरून कोरडी माती पसरली आणि घरात सांगितलं — मस्त चाललंय. का? कारण त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या घराचा फोटो टाकून सेक्रेटरींनी लिहिलं होतं, ‘यांच्याकडून शिका.’ आणि खरं म्हणजे प्लॅस्टिकही घरात येतच होतं. मीच मागवायचो. पार्सलं गोदामाच्या पत्त्यावर घ्यायचो, चिप्स गाडीत खायचो. हे सगळं आमच्या दाराशी घंटागाडीवाल्याला कसं दाखवणार? त्याने सगळ्या मजल्यांवर सांगितलं असतं.

मग सकाळी कामावर जाताना उष्टं-खरकटं, भाजीची देठं, पार्सलांची प्लॅस्टिकं असं सगळं एका काळ्या पिशवीत कोंबायचो, चिंधीने गाठ मारायचो आणि कोनच्या अलीकडे, सर्व्हिस रोडच्या कडेला खड्डा होता — तिथे गाडीची काच खाली करून टाकायचो. गाडी थांबवतसुद्धा नव्हतो. आठ महिने.

गेल्या वर्षीची गोष्ट. चांदी खाईना. पोट फुगलं. बेबीमावशींनी डॉक्टर आणले, औषधं दिली, चार दिवस गेले. रविवारी सकाळी त्यांचा फोन — “सायेब, चांदी गेली वो.” अन्वी रडून लाल झाली. मला शेवटचं बघायचंय, म्हणाली. आम्ही तिघं गेलो.

गोठ्यामागे डॉक्टरांनी पोट उघडलं होतं. मी मेघनाला म्हटलं, तू अन्वीला घेऊन गाडीतच बस. बरं झालं म्हटलं — अजूनही कधीकधी तेच वाटतं, की बरं झालं. माझी काय योग्यता आहे बघा.

आतून काय निघत होतं! ओढावं तितकं येत होतं. दोऱ्यांसारखी पिळलेली, एकमेकांत घट्ट बसलेली प्लॅस्टिकं, मोठ्या घमेल्याएवढा गोळा. बेबीमावशींनी माझ्याबद्दल सांगितलेलं असावं; डॉक्टर म्हणाले, “काढा फोटो. तुम्ही लोकांना सांगता ना हे सगळं? दाखवा त्यांना.”

मी फोन काढला. आणि फोनच्या पडद्यावर, डाव्या कोपऱ्यात मला गोळ्यातून बाहेर आलेलं जांभळं काहीतरी दिसलं. पिवळे ठिपके. गाठ तशीच होती — दोन वेढे आणि वर फास, मी मारतो तशी.

त्या क्षणी काय झालं सांगू? माझं बोट आपोआप दाबलं गेलं, फोटो निघाला. समोर डॉक्टर अजून बोलत होते. आणि मग मी काय केलं — मी एक पाऊल पुढे सरकलो आणि त्या चिंधीवर बूट ठेवला. चिखलात दाबली. एवढं मात्र लगेच सुचलं मला.

बेबीमावशी चांदीच्या डोक्याशी बसल्या होत्या. शिंगांवरून हात फिरवत. त्यांनी मान वर करून विचारलं, “कोन टाकतं वो, सायेब, ह्या पिशव्या? आमच्या गावात तं कोनी अशी टाकत नाय.”

“ट्रकवाले टाकत असतील, मावशी,” मी म्हणालो. “कळंबोलीला जाणारे.”

आवाज कापलासुद्धा नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी — नाही, तरीही काही फरक पडला नसता. पण मी थांबलो नाही. महिन्याभराने सोसायटीच्या हॉलमध्ये पर्यावरणावर कार्यक्रम ठेवला. बोलणार मी. त्या फोटोचा डावा कोपरा मी घरी बसून कापला, नीट, दोनदा तपासून, आणि तो पडद्यावर लावला. बायकांनी तोंडावर पदर धरले. एक म्हातारे गृहस्थ उठून बाहेर गेले. आणि मी बेबीमावशींनाच बोलावलं होतं. हो, मीच. आयत्या वेळी गाडी पाठवून. शाल दिली, नारळ दिला. त्यांना चार शब्द बोलायला सांगितलं. माइक कसा धरायचा ते त्यांना कळेना, मी धरून दिला.

“माला बोलता येत नाय,” त्या म्हणाल्या. “पन या सायबांसारकी सगली मानसं असती, तं माजी चांदी जित्ती रायली असती.”

टाळ्या. पहिल्या रांगेत अन्वी उभी राहून टाळ्या वाजवत होती. मेघना डोळे पुसत होती. माइक अजून माझ्या हातात होता. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, “धन्यवाद, मावशी.”

दुसऱ्या दिवशी सोमवार. महिनाभर ड्रमात दाबून साठवलेल्या कचऱ्याची पिशवी गाडीच्या डिकीत होती. कोनच्या खड्ड्यात टाकायची छाती झाली नाही. तळोज्याच्या बाजूला वळलो, तिकडे एका पडीक जागेत टाकली. हेही सांगितलंच पाहिजे. पुढे दोन महिने तेच केलं. थांबलो तेही पश्चात्तापाने नाही — अळ्यांचा ड्रम मेघनाने एकदा उघडला, मी म्हटलं उन्हाळ्याने बिघडला, आणि मग आम्ही सगळ्यांसारखा कचरा घंटागाडीला देऊ लागलो. मेघना म्हणाली, “निदान प्रयत्न तरी केला आपण.”

बेबीमावशींनी दुसरी गाय घेतली नाही. आता त्या कामोठ्याच्या एका टॉवरमध्ये जिने पुसतात. मागच्या आठवड्यात भाजी मार्केटात भेटल्या. वाळल्या आहेत. अन्वी कशी आहे, कितवीला गेली, सगळं विचारलं. मग बरोबरच्या बाईला कोपराने ढोसून म्हणाल्या, “ह्येच ते सायेब. माज्या चांदीसाठी भाषन केलं ना, ते.”

त्या बाईने मला हात जोडले. मीही जोडले.