पानिपतहून येताना गाडी गप्प झाली

लोकरी ब्लँकेटचा उबट वास आला की मला पानिपतचा हायवे आठवतो. बाबांच्या जुन्या गाडीची मागची बाजू खचली होती, म्हणून आम्ही दोघांनी तिला स्प्रिंगचे नवे, उंच पाटे बसवले, आणि त्या दिवसापासून साठच्या पुढे गेलं की खालून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. मेकॅनिक म्हणाला, "बेच दो साहब." बाबांनी खिन्न होऊन गिऱ्हाईकही ठरवलं. शेवटची फेरी म्हणून आम्ही मराठी मंडळासाठी ब्लँकेटं आणायला पानिपतला गेलो. जाताना त्या आवाजाने डोकं उठलं. येताना मागे छतापर्यंत ब्लँकेटं, काटा सत्तरवर, आणि गाडी एकदम गप्प! "बाबा, ऐका ना!" "काय ऐकू? काहीच येत नाहीये!" आणि मग आम्ही दोघंही ओरडलोच. वजनाने मागची बाजू खाली बसली होती, त्यामुळे इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा आम्हीच बिघडवलेला कोन जागेवर आला होता. बाबांनी ढाब्यावरूनच गिऱ्हाइकाला फोन लावला, "सॉरी जी, नहीं बेचनी!" तो कोन कायमचा जुळावा म्हणून पाटे आणि ॲक्सलच्या मध्ये लोखंडी पाचरी बसवल्यापासून गाडी रिकामीही शांत धावते, एक ब्लँकेट मात्र मी अजून डिकीतून काढलेलं नाही.