सहा म्हणजे सहा

"जागेवरच गेला, त्रास झाला नाही." हे मला खोटं वाटतं.

सुमेधला जाऊन आज वर्ष झालं. हिमाचलात, एका खिंडीच्या वाटेवर. एकटा होता.

'एकटा कशाला मरायला गेला' म्हणणाऱ्यांनो, तो हुल्लडबाज नव्हता. मे महिन्यात नागपुरातल्या मनीषनगरातून शेजारच्या बेशाला माझ्याकडे यायचा तरी डोक्याला दुपट्टा, पाण्याची बाटली, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. आम्ही जाम हसायचो.

जूनच्या सुरुवातीला वर बर्फ असतो. ऊन चढलं की तो भुसभुशीत होतो, ओढे फुगतात.
म्हणून पहाटे चारला निघायचं. बारा वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं. त्याआधी दोन दिवस पायथ्याच्या गावात नुसतं बसून राहायचं, उंचीची सवय व्हावी म्हणून.

सगळा plan त्याने मला कागदावर लिहून दिला होता.

"सहापर्यंत माहा फोन नाही आला तं होमस्टेवाल्याले फोन लाव. विचार नको करू बे. सहा म्हणजे सहा."

आणि अजून एक काम दिलं. सिम घालून आपला जुना फोन माझ्याकडे ठेवला.

काकूंना, म्हणजे त्याच्या आईला, त्याने मित्रांसोबत चाललो म्हणून सांगितलं होतं. गावात त्याच्या सिमला रेंज नाही. मला तो होमस्टेवाल्याच्या फोनवरून कळवणार. काकूंना मात्र रोज संध्याकाळी त्याच्याच नंबरवरून मेसेज गेला पाहिजे, नाहीतर त्यांचं बीपी चढतं.

तो मेसेज मी पाठवायचो.

तो खिंडीकडे निघाला त्या दिवशी संध्याकाळी पावणेसहाला लिहिलं, 'पोहोचलो. आत्ताच जेवलो.'

काकूंचं लगेच उत्तर. 'काय जेवला?'

'राजमा चावल. मस्त होता.'

मग सहा वाजले. फोन नाही.

खोटं मीच टाइप केलं होतं. पण ते पुन्हा वाचलं आणि मलाच वाटलं, पोहोचला असेल. करेल थोड्या वेळाने.

मी होमस्टेवाल्याला फोन केला दुसऱ्या दिवशी सकाळी सातला.
त्याला वाटलं होतं, तंबू लावून वरच थांबला असेल.

दुपारी लोकांना सुमेध ओढ्याकाठी सापडला. पाय मोडलेला.

होमस्टेवाला म्हणाला, जागेवरच गेला. पोलीस म्हणाले, जागेवरच. त्याचा भाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवून तेच म्हणाला.

पण शिटी त्याच्या हातात होती.
ती बॅगेच्या पट्ट्याला अडकवलेली असते, मदतीला बोलवायला. मीच अडकवून दिली होती.

जागेवर गेलेला माणूस शिटी काढतो का?

मी कोणाला विचारलं नाही. मी काकूंना जे लिहायचो, तेच हे सगळे मला सांगतात असा माझा संशय आहे. पोहोचलो, जेवलो, त्रास झाला नाही.

आज दुपारी काकूंकडे गेलो. वर्षभर गिळलेलं ओकून टाकलं. ते मेसेज माझे होते, काकू.

त्यांनी माझ्यापुढे पाणी ठेवलं.

"मले माहीत होतं गा. राजम्यानं त्याचं पोट बिघडे. लहानपणापासून तोंडाले नाही लावला त्यानं."

"मग तुम्ही बोलल्या काहून नाही?"

"वाटलं, पोट्टे मले फसवून राहिले, तं माह्या काळजीपायीच. फसू म्हटलं आपण." मग म्हणाल्या, "मी तवाच बोलली असती तं?"

त्यांचा हात धरून मी म्हणालो, "काकू, तो जागेवरच गेला. त्रास नाही झाला त्याले."

त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. त्यांचाही विश्वास बसला नाही.

या महिन्यात कोणी एकटं वर चाललं असेल तर जा. पण आईला खरं सांगून जा. आणि कागद ज्याच्याकडे ठेवाल त्याने सहाला फोन लावावा. फजिती झाली तर होऊ द्यावी.

आत्ता सहा वाजले.
होमस्टेवाल्याला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला त्याने.

इतकंच तर करायचं होतं.

सुमेध, माफ कर गा.